न मोजलेल्या एकोणीस तपासण्या

त्या विमानाचं वय मी एका शनिवारी दुपारी कमी केलं. दादरच्या ऑफिसात, माझ्याच खुर्चीत बसून, समोरचा चहा निवायच्या आत. त्यात एकही आकडा खोटा नव्हता, कुणाची सही बनावट नव्हती. नियमात बसत होतं तेवढंच केलं. आणि तरी गेली दोन वर्षं मला एका माणसाला जाऊन सांगायचं होतं, की काका, तुमचं बरोबर होतं. ते वरळीला राहतात. दादरहून वरळी म्हणजे बसने वीस मिनिटं. मला दोन वर्षं लागली.

मी एका फ्लाइंग स्कूलमध्ये मेंटेनन्सच्या नियोजनाला आहे. आमची विमानं मुंबईत नाहीत. धावपट्टी आणि हँगर घाटापलीकडे, चार तासांवर. दादरला फक्त ऑफिस, दुसऱ्या मजल्यावर, खाली साड्यांचं दुकान. कुठल्या विमानाची कुठली तपासणी कधी करायची, हे मी ठरवते. माझ्या पाठीमागे भिंतीवर एक पांढरा फळा आहे, त्यावर प्रत्येक विमानाची एक ओळ, आणि ओळीवर रंगीत चुंबक. हिरवं म्हणजे उडू दे. पिवळं म्हणजे तपासणी जवळ आली. लाल म्हणजे हँगरबाहेर काढायचं नाही. विमानात मी आजवर एकदाच बसलेय, तेही डोळे मिटून. पण माझ्या चुंबकाशिवाय आमचं एकही विमान उडत नाही, हे बोलून दाखवलं नाही तरी मला मनातून फार बरं वाटायचं.

मी गिरगावातली. आजोबा कारकून, वडील कारकून, दोन्ही आत्या कचेरीत. आमच्या दोन खोल्यांत देवाखालोखाल मान कागदाला. आज पाणी भरायची पाळी कुणाची यावरून आम्हा भावंडांत जुंपली, तर वडील वर्तमानपत्र खाली न करता विचारायचे, "कागदावर काय आहे?" दाराच्या मागे खरोखरच कागद लावलेला असायचा. जे लिहिलंय ते झालंय, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. हे मी दुधाबरोबर प्यायले म्हटलं तरी चालेल.

आता विमानाच्या पंखाबद्दल थोडं सांगायला हवं. लहान विमानाचा पंख आतल्या एका जाड दांड्यावर तोललेला असतो, आणि तो दांडा मधल्या धडाला बोल्टांनी जोडलेला. उडताना हवा पंखाला वर ढकलते, तो किंचित वाकतो, परत सरळ होतो. फायलीत कागद अडकवायची पत्र्याची पट्टी असते ना, ती उलटसुलट वाकवत राहिलं की एका क्षणी मोडते. पंखाला तसं व्हायला हजारो तास लागतात, पण सुरुवात तशीच. बोल्टाच्या भोकाच्या कडेला केसाएवढी भेग पडते. ती वरून दिसत नाही. त्यासाठी बोल्ट काढून भोकात एक सळईसारखं यंत्र घालून बघावं लागतं, आणि नवे बोल्ट येऊन पंख परत बसेपर्यंत विमान महिना-दीड महिना बसून राहतं. म्हणून ही तपासणी कधी करायची हे नीट मोजून ठरवतात. नुसते तास मोजून भागत नाही, ते तास कसे उडाले हेही बघायचं. शिकाऊ मुलं विमान धाडधाड उतरवतात, पुन्हा चढवतात. ते तास पूर्ण धरायचे. हौशी मालक सकाळच्या शांत हवेत फिरवून आणतो, त्याच्या शंभर तासांचे पाच-सहाच धरायचे.

हे मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे आमचे सर्वांत जुने इंजिनियर. ते आमच्याकडे आले ते त्या विमानाबरोबरच. नवरीबरोबर पाठराखीण यावी तसे. आधी ते विमान एका खासगी मालकाचं होतं, काका त्याच्याकडे सात वर्षं होते. मालकाने विमान आमच्या शाळेला दिलं, आणि काकांनी त्याच्यामागोमाग आपली टूलबॉक्स आणली. आठवडाभर हँगरवर राहायचे, शनिवारी घरी येता येता दादरला उतरून लॉगबुकांच्या प्रती माझ्या टेबलावर ठेवायचे. लॉगबुक म्हणजे विमानाची वही, त्यात त्याचा प्रत्येक तास आणि प्रत्येक तपासणी लिहिलेली असते. मालवणी माणूस, बीडीडी चाळीत वाढलेला, वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर.

"माझा बाप सांगायचा," काका म्हणाले होते, "साचा किती वर्षांचा ते विचारू नको, किती पाळ्यांचा ते विचार. दोन साचे बाजूबाजूला उभे. दिसायला सख्खे भाऊ. पण एक एका पाळीचा नि दुसरा तीन पाळ्यांचा. दुसरा म्हातारा गो बाय, त्याच्या रंगावर जाऊ नको."

मला ते इतकं पटलं होतं की नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मीच ते ऐकवायची. जणू माझाच बाप गिरणीत होता.

मग विमान बनवणाऱ्या कंपनीचं एक नवं पत्रक आलं. ठरावीक तास भरले की पंखाच्या दांड्याची भोकं तपासा. आणि जुनी विमानं कशी वापरली गेली हे आता कुणाला आठवणार, म्हणून मोजायची एक युक्ती दिली होती. भाड्याने किंवा शिकवायला वापरलेल्या विमानाची दर शंभर तासांनी तपासणी करावीच लागते. हौशी मालकाला वर्षातून एकदा पुरते. तेव्हा वहीत शंभर तासांच्या तपासण्या किती आहेत ते मोजा. जितक्या तपासण्या, तितका वापर कडक.

त्या शनिवारी मी मोजलं. शाळेतले बेचाळीसशे तास. त्याआधी मालकाकडचे एकोणीसशे. आणि त्या एकोणीसशे तासांत, काकांच्या गोल अक्षरात, शंभर-शंभर तासांच्या एकोणीस तपासण्या. म्हणजे सगळे तास पूर्ण धरायचे. एकसष्टशे. पत्रकातली मर्यादा पाच हजार. विमान केव्हाच उलटून गेलेलं.

आमचे साहेब, म्हणजे मॅनेजर, माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. वाईट माणूस नाही. उगाच ओरडणारे नाहीत, सगळ्यांच्या घरची विचारपूस करणारे.

"मॅडम, पाच पोरांचे तास शिल्लक आहेत. परीक्षा तोंडावर. हे विमान आता बसलं तर मी काय करू? त्यांना पतंग देऊ उडवायला?"

मी पत्रक पुन्हा वाचलं. तिसऱ्या पानावर खाली एक परिच्छेद होता. जी तपासणी सक्तीची नव्हती, मालकाने आपल्या खुशीने करून घेतली, ती मोजणीत धरू नये.

"साहेब, या एकोणीस काढता येतील."

"काढता येतील म्हणजे? नियमात?"

"नियमातच. विमान तेव्हा खासगी होतं, ह्या तपासण्या लागूच नव्हत्या. मग तास होतात त्रेचाळीसशे दहा. जवळजवळ सातशे शिल्लक."

साहेबांनी पान स्वतः वाचलं. मग म्हणाले, "तुम्ही नसता तर आज कुलूप लावून घरी गेलो असतो." आणि शिपायाला सांगून माझ्यासाठी दुसरा, ताजा चहा मागवला.

त्या चहाबद्दल खरं सांगते. तो मला फार गोड लागला. वीस वर्षं मी त्या खुर्चीत बसून तारखा लावत होते आणि पहिल्यांदा कुणीतरी मला हुशार म्हटलं होतं.

तेवढ्यात काका आले. हातात लॉगबुकांची पिशवी, दुसऱ्या हातात लालबागच्या चिवड्याची पुडी. मी विचारलं, "काका, त्या सात वर्षांत विमान खासगीच होतं ना?"

"कागदावर होतं."

"मग शंभर-शंभर तासांनी तपासणी कशाला करायचात? वर्षातून एक पुरली असती."

काकांनी साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "लिवलंय ना मी? मग मोज."

"पण नियमाप्रमाणे त्या मोजायच्या नाहीत, काका."

"मोज गो बाय."

साहेब हसले. "अहो काका, तुम्ही जास्त काळजी घेतलीत म्हणून तर विमान धडधाकट आहे. काळजी घेतल्याची शिक्षा विमानाला कशाला?"

काकांनी चिवड्याची पुडी टेबलावर ठेवली आणि गेले.

साहेबांचं ते वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे. ज्याची नीट देखभाल झाली ते विमान कागदावर म्हातारं, आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही ते तरुण, हा कुठला न्याय? मी तेव्हा हेच स्वतःला सांगितलं. पण आणखी एक गोष्ट आहे, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. एकोणीसशे भागिले सात म्हणजे वर्षाला साधारण दोनशे सत्तर. हौशी माणूस वर्षाला दोनशे सत्तर तास उडत नाही. पन्नास उडेल, साठ उडेल. हे मला त्याच दुपारी दिसलं होतं. मी पॅडच्या कोपऱ्यात पेन्सिलीने '२७०?' असं लिहिलं. आणि साहेब ताज्या चहाचं सांगून वळायच्या आत ते खोडरबराने पुसलं.

पुढच्या आठवड्यात काकांनी माझ्या मोजणीवर सही करायला नकार दिला. दुसऱ्या इंजिनियरने केली. हँगरवर कुजबुज सुरू झाली, की काका आता घाबरायला लागले, वय झालं. एका मेकॅनिकने त्यांच्या टूलबॉक्सला लिंबू-मिरची बांधून ठेवली, वर म्हणे, "काकांना विमानाची दृष्ट लागलीय." काकांनी ती सोडवली, मिरच्या टाकून दिल्या, आणि दुपारी जेवताना सगळ्यांसमोर ते लिंबू आमटीत पिळलं. "ताजं होतं," म्हणाले, "फुकट कशाला घालवा?" पण टोमणे थांबले नाहीत.

त्यांनी मला एक चिठ्ठी पाठवली, अर्ध्या पानाची. विमानाचा क्रमांक, तारीख, आणि 'या विमानाचे दोन्ही पंख उघडून दांड्याची भोकं तपासावीत असं माझं मत आहे.' खाली सही. कारण लिहिलं नव्हतं. ही चिठ्ठी विमानाच्या फायलीत लागायला हवी होती. तिथे ती राहिली असती तर पुढच्या प्रत्येक तपासणीला कुणीतरी वाचली असती. मी ती फाडली नाही. आमच्या घरात कागद फाडत नाहीत. मी ती 'संकीर्ण' लिहिलेल्या फायलीत लावली. पंख्याच्या दुरुस्तीच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या पावत्यांबरोबर.

दोन महिन्यांनी काका नोकरी सोडून गेले. गुडघे दुखतात म्हणाले. निरोप समारंभ नको म्हणाले.

त्यानंतर विमान रोज उडलं. फळ्यावर त्याचं चुंबक हिरवंगार. आठ महिने, तीनशे सहा तास. हा आकडा मला पाठ आहे. त्या तासांत कोणकोण मुलं होती तेही मला माहीत आहे, कारण त्यांच्या नोंदी माझ्याकडेच येतात. एक मुलगी परळची होती. एकदा कागद द्यायला ऑफिसात आली, फळ्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे माझं लाडकं आहे मॅडम. जाम गुणी आहे." मी म्हटलं, हो ना.

भेग सापडली ती अपघाताने, आणि तो अपघातही कसला. हँगरमध्ये विमान ढकलताना पंखाचं टोक दाराच्या खांबाला धडकलं. टोक चेपलं. दुरुस्तीसाठी डावा पंख उतरवावा लागला. बोल्ट निघालेच होते, तर नव्या इंजिनियरने, पंचविशीतलं पोरगं ते, आपल्या मनाने यंत्र भोकात घातलं. खालच्या भोकात भेग होती. कंपनीला फोटो पाठवले. त्यांनी कळवलं की हे विमान यापुढे उडवू नका, दांडा बदला.

मला फोन आला तेव्हा मी दादरच्या फुलबाजारात उभी होते. "मॅडम, वाचलो," तो म्हणत होता. मी त्याला विचारलं, "किती मोठी?" हे का विचारलं मला माहीत नाही. छोटी आहे म्हणाला असता तर मी काय करणार होते?

उजवा पंखही उघडला. तो स्वच्छ निघाला. डावा दांडा नवा बसला. पुढची तपासणी पुन्हा माझ्या मोजणीवर ठरली. साधा वापर, म्हणून लांबची मुदत. मी चुंबक पुन्हा हिरवं केलं.

खंडेनवमीला आम्ही सगळे हँगरवर जातो. विमानांच्या नाकावरच्या पंख्यांना झेंडूच्या माळा, पान्यांना हळद-कुंकू, लॉगबुकांवर फूल, चाकापाशी नारळ. त्या वर्षी पूजा झाल्यावर साहेबांनी मला पुढे बोलावलं आणि शाल-श्रीफळ दिलं. "यांचं नियोजन चोख आहे म्हणून आपल्याला वेळेवर भेग सापडली," असं म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. खांब, दार, धडक हे सगळं त्यांच्या डोक्यात कधीच 'नियोजन' होऊन गेलं होतं. परळची ती मुलगी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवत होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि 'धन्यवाद' म्हणाले. नारळ दोन्ही हातांत धरून किती वेळ उभी राहिले आठवत नाही. शेवटी नवा इंजिनियर म्हणाला, "मॅडम, ठेवा तो खाली, जड असेल."

शाल अजून कपाटात आहे, प्लॅस्टिकमध्येच.

गेल्या महिन्यात मी एका संध्याकाळी, ऑफिसात कुणी नसताना, मोजणी पुन्हा केली. एकोणीस तपासण्या धरून. वापर कडक धरला तर मुदत लांबची लागत नाही, जवळची लागते. आणि तसं मोजलं तर उजव्या पंखाची पुढची तपासणी तीन आठवड्यांपूर्वीच व्हायला हवी होती. फळ्यावर चुंबक हिरवं. मी लाल चुंबक हातात घेतलं आणि परत ठेवलं. कारण काय लिहू? कागदावर विमान खासगीच होतं. कडक वापर झाला हे सांगणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी दोन वर्षं भेटले नव्हते.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी काकांकडे गेले. चाळीच्या जागी आता टॉवर, काकांना तेविसावा मजला मिळालाय. दार काकींनी उघडलं.

"खंय होतंस गो इतके दिस? आमका वाटला विसारलंस."

काका खिडकीशी बसले होते. खाली कोळीवाड्याच्या होड्या बोटाएवढ्या दिसत होत्या. "ये," म्हणाले. "जन्मभर विमानं जमिनीवर बसवली, आता मलाच वर बसवलंय. लिफ्ट बंद पडली की मी पण ग्राउंडेड."

मी हसले नाही. मला बसायच्या आधीच बोलायचं होतं, नाहीतर चहा येईल, फराळ येईल आणि मी सहाच्या बसने परत जाईन हे मला माहीत होतं. उभ्यानेच सगळं सांगितलं. दोनशे सत्तर, पेन्सिल, खोडरबर, संकीर्ण फाइल, शाल. मधे एकदा काकी पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि तशाच आत गेल्या.

काकांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चिठ्ठी फाडली नाय ना?"

मी पर्समधून काढून दिली. त्यांनी हात लांब करून वाचली. "अक्षर बरं होतं माझं."

"काका, एकोणीस तपासण्या का केल्यात?"

"मालक विमान द्यायचा कोणाकोणाला. किनाऱ्याची पाहणी, फोटो, काय काय. भर दुपारी, खाली, माडांच्या डोक्यावरून. त्या हवेत विमान म्हणजे खड्ड्यांतली टॅक्सी. परत यायचं तेव्हा पत्रा धरणारे रिवेट सैल झालेले. मालक म्हणायचा, खासगी लिही. मी खासगी लिवलं. त्याच्या हाताखाली होतो. मग माझ्या हातात उरलं काय? तपासणी. ती मी केली नि लिवली. म्हटलं, कधी कोण मोजायला बसेल त्याला कळेल."

"मला नाही कळलं."

"तुका कळलं होतं," काका म्हणाले. "आता तूच सांगितलंस ना? दोनशे सत्तर."

मी खाली बसले.

"पण काका, तुम्ही सांगायचं होतं. मी विचारलं होतं तुम्हाला."

"साहेबासमोर विचारलंस." मग म्हणाले, "नि एकटीने विचारलं असतंस तरी सांगितलं असतं काय, ठावक नाय. सात वर्षं खोटं लिवलं म्हटल्यावर पहिली सही कोणाची पकडली असती? माझीच. लिंबू बांधणारा पोरगा काय चुकीचा नव्हता. मी घाबरलो होतो. फक्त त्याला वाटलं विमानाला."

मला तोवर वाटत होतं की मी अपराध घेऊन एका निर्दोष माणसाकडे चाललेय. आता कुणाचा किती, काही कळेना. मी त्यांची माफी मागायला आले होते, आणि ते माझ्यापेक्षा आधीपासून कुणाचीतरी मागत बसले होते.

मी उजव्या पंखाचं सांगितलं. तीन आठवडे उलटून गेल्याचं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"उद्या कोण उडवतंय?"

"सकाळी दोन मुलं आहेत. मी सोमवारी ऑफिसात गेले की..."

"उद्या उडायचंय नि तू सोमवारी?" आवाज चढला नाही. "फोन लाव."

मी लावला. हँगरवर नवा इंजिनियरच होता. म्हटलं, ते विमान उद्या काढू नका, उजव्या पंखाची तपासणी बाकी आहे.

"बाकी? मॅडम, तुम्ही पाठवलेल्या फळ्याच्या फोटोत तर हिरवं आहे. कारण काय टाकू?"

काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "लिही. वापराची मोजणी चुकीची. मालकाकडच्या एकोणीस तपासण्या मुद्दाम वगळल्या होत्या, त्या धरायच्या. मोजणी कुणाची, तर माझी. माझं नाव घाल."

"मुद्दाम असं लिहू?"

"लिही."

"त्याला सांग," काका मागून म्हणाले, "वापर कसला होता ता मी लिवून देतंय. सहीनिशी."

पलीकडे तो लिहीत होता. मग, "काका आहेत का तिथे?" आणि मग, "बरं मॅडम. चावी काढून घेतो."

काकींनी चहा आणला. काकांनी कागद मागितला, गुडघ्यावर पाट ठेवून लिहायला बसले. अर्धा तास लागला. सात वर्षं दोन परिच्छेदांत. मग कागद माझ्याकडे सरकवला. "खाली तुझं. याच पानावर. वेगळा कागद केलास तर वेगळ्या फायलीत जाईल."

हे ते गमतीत म्हणाले की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवारी मी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि लाल चुंबक लावलं. साहेबांनी दोनदा वाचलं. ओरडले नाहीत. "दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून डबा खाल्लात," एवढंच म्हणाले. पुढे माझं काय करायचं याचा निर्णय वरून यायचा आहे. तोवर खुर्ची माझीच आहे.

गुरुवारी बोल्ट निघाले. उजवा पंख स्वच्छ होता. एकही भेग नाही.

हे ऐकल्यावर मला काय वाटायला हवं होतं? सुटले असं वाटलं, हे खरं. पण त्याच्या मागोमाग असंही वाटलं, की म्हणजे माझी मोजणी बरोबर होती की काय? मग हे सगळं कशासाठी सांगितलं? साहेब फळ्यासमोरून जाताना म्हणालेसुद्धा, "बघा, काहीच नव्हतं." डाव्या पंखात भेग होती तेव्हा मला शाल मिळाली. उजव्यात नव्हती तेव्हा नोकरी जायची वेळ आली. मी कितीही वेळा वाचलं तरी हा हिशोब मला लागत नाही.

संध्याकाळी काकांना फोन केला. म्हटलं, "काका, काही मिळालं नाही."

"नाय मिळालं? बरं झालं," ते म्हणाले. मागे काकींच्या फोडणीचा आवाज येत होता. मला वाटलं ते आणखी काही बोलतील. त्यांनी विचारलं, "पण मोजलंस ना?"

"मोजलं, काका."

"एकोणीसच्या एकोणीस?"

"एकोणीसच्या एकोणीस."

"बरं," म्हणाले, आणि फोन काकींकडे दिला.